शरयू काकू आणि ब्रॅनिकचा खांदा

शरयू काकूंना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, सांधे राहतात. आमच्या गल्लीतला पोस्टमन त्यांच्या लेखी 'डावा गुडघा' आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई 'मानेचा पट्टा', कारण तिनं तो तीन वर्षांपूर्वी दोन महिने लावला होता. मी नागपूरहून लीड्सला आले आणि त्यांच्या शेजारच्या घरात सामान आत नेत होते, तेव्हा कुंपणापलीकडून आलेलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "उजवा खांदा उतरलाय गं तुझा. ती लॅपटॉपची बॅग डावीकडे घे." नाव नंतर विचारलं. ते बहुतेक अजूनही पाठ नसावं.

काकू मूळच्या मिरजेच्या. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात चाळीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होत्या, आता रिटायर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा केंब्रिजला संशोधन करतो. आणि या बाईंना वेड कशाचं, तर बेसबॉलचं. क्रिकेटच्या देशातून क्रिकेटच्या देशात आलेली सत्तरीची बाई एका अमेरिकन टीमसाठी जीव टाकते, हे मला पहिले काही महिने खरंच वाटत नव्हतं.

त्यामागे होता एक पेशंट. एका अमेरिकन प्राध्यापकाचा मोडलेला खांदा काकूंनी चार महिने खपून जागेवर आणला. "परत बॉल फेकता येईल ना?" असं तो रोज विचारायचा. कसला बॉल, म्हणून काकूंनी एक मॅच पाहिली आणि त्या हादरल्या. माणूस खांद्याला इतकं छळू शकतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. "देवानं खांदा काय यासाठी दिलाय?" हा प्रश्न त्या तेव्हापासून विचारताहेत आणि मॅच एकही चुकवत नाहीत. प्राध्यापक बरा होऊन मायदेशी गेला. त्याची टीम मात्र काकूंच्या गळ्यात पडली, ती कायमची.

अमेरिकेतली दुपारची मॅच इथे लीड्सला संध्याकाळी सहाला लागते. दर रविवारी काकूंच्या दिवाणखान्यात तिघं जमायचो. काकू, मी आणि समोरचे ग्लिन, निवृत्त बस ड्रायव्हर. ग्लिन पोह्यांसाठी येतात असं काकू म्हणायच्या, पण खेळ त्यांनाही कळायचा. बोलणं अर्थात इंग्रजीत. मी आपलं सोयीनं मराठीत सांगते.

तर, मागच्या हिवाळ्यात, जानेवारीत, टीमनं ब्रॅनिकला घेतलं.

ब्रॅनिक पिचर, म्हणजे बॉल फेकणारा. वय अडतीस. खांद्याचं एक ऑपरेशन झालेलं. जुन्या टीमबरोबरचा करार संपला होता. असा खेळाडू मोकळा असतो, ज्याला हवा त्यानं उचलावा. तिकडे त्याला फ्री एजंट म्हणतात. आमच्या टीमनं त्याला उचललं, तेही तीन वर्षांसाठी.

बातमी कळली त्या दिवशी काकू घरच्या चपलांवरच माझ्या दारात उभ्या. बाहेर बर्फ.

"मला कुणी विचारलं का?" त्या म्हणाल्या.

"काय झालं, काकू?"

"तीन वर्षं. तो खांदा तीन महिने टिकायचा नाही आणि हे त्याला तीन वर्षांसाठी घेतात. डोळे आहेत का बटणं?"

त्या रविवारी मॅच नव्हती, तरी सभा भरली. काकूंनी ब्रॅनिकचा फोटो लायब्ररीतून छापून आणून फ्रिजवर चिकटवला होता. त्याच्या उजव्या खांद्याभोवती पेन्सिलीनं गोल आणि शेजारी बाण.

ग्लिन शांतपणे म्हणाले, "अनुभव आहे, लव्ह. पोरांना ड्रेसिंग रूममध्ये एखादं जुनं डोकं लागतं." इथले जुने लोक कुणालाही 'लव्ह' म्हणतात.

"मग डोकं घ्या. खांदा कशाला घेता?"

"त्यानं मोठ्या मॅचेस जिंकल्यात."

"खांद्याला ते माहीत नसतं." काकू उठल्या, ग्लिनचा हात धरून कानापर्यंत नेला आणि मागे वळवला. "हा असा जातो त्याचा हात. रोज शंभर वेळा. इथे दुखतंय?"

"आता दुखतंय," ग्लिन म्हणाले.

मी मध्ये पडायचा प्रयत्न केला. म्हटलं, टीमचे स्वतःचे डॉक्टर असतील, तपासूनच घेतलं असेल. हे बोलायला नको होतं. डॉक्टर आणि फिजिओ यांच्यातला फरक मला पाऊण तास ऐकावा लागला. डॉक्टर दोन मिनिटं फोटो बघतो आणि निघून जातो, पेशंटचा हात हातात धरून बसतं कोण, वगैरे. पोहे गार झाले.

मग काकू टीमच्या फॅन्सच्या वेबसाइटवर लिहायला लागल्या. तिथे हजारो अमेरिकन भांडत होते. कुणी म्हणे मास्टरस्ट्रोक, कुणी म्हणे वेडेपणा. काकूंनी ब्रॅनिकच्या जुन्या मॅचेस हळू गतीनं बघून मोठे मोठे लेख टाकले. हात कुठल्या क्षणी गळतो, खुब्याचं काम खांदा कसा करतोय, सगळं सविस्तर. लोक हसले. एकानं विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः कधी बॉल फेकलाय का?" काकूंनी उत्तर दिलं, "नाही. म्हणूनच माझा खांदा शाबूत आहे. तुझा दाखव." त्यावर दोन दिवस तिथे फक्त काकूंचीच चर्चा होती.

एप्रिलमध्ये मॅचेस सुरू झाल्या आणि ब्रॅनिक लागला जिंकायला. एक नाही, ओळीनं पाच. ग्लिन पोहे दुसऱ्यांदा घेताना शीळ घालायचे. काकूंचा चेहरा बघवत नव्हता.

"पाच मॅचेस," त्या म्हणायच्या. "पडायच्या आधी भिंतसुद्धा उभीच असते."

जूनमधल्या एका रविवारी ती भिंत पडली. ब्रॅनिकनं बॉल फेकला, बॉल कुठेतरी भलतीकडेच गेला. तो वाकला नाही, ओरडला नाही. नुसता उभा राहिला, डाव्या हातानं उजवं कोपर खालून धरून. लहान मूल सांभाळावं तसं.

ग्लिननी काकूंकडे पाहिलं. मीही पाहिलं. सहा महिने ज्याची वाट पाहिली ते वाक्य आता येणार, म्हणून आम्ही दोघं तयारीत होतो. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"कोपर धरलंय त्यानं," त्या हळू म्हणाल्या. "फार दुखत असेल तरच धरतात तसं."



दोन आठवड्यांनी टीमनं ब्रॅनिकला मोकळं केलं. दोन ओळींचं पत्रक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. वेबसाइटवर जल्लोष. बला गेली, म्हाताऱ्याला घरी पाठवलं, असलं काय काय. आणि काकूंचं कौतुक. लीड्सच्या आजी पहिल्या दिवसापासून बरोबर होत्या, असं ढिगानं लोक लिहीत होते.

काकूंचा जो भडका उडाला, तसा जानेवारीतही उडाला नव्हता. त्यांनी त्या सगळ्यांना एकेक करून उत्तर दिलं. खांदा वाईट आहे हे सांगत होते तेव्हा हसलात. त्याला शंभर-शंभर बॉल फेकायला लावलेत तेव्हा टाळ्या वाजवल्यात. आता दुखतंय तर बला काय?

ग्लिन गोंधळून गेले. "पण लव्ह, तो नको असं तूच म्हणत होतीस."

"आणू नका म्हणत होते," काकू म्हणाल्या. "आणल्यावर टाकून द्या असं कधी म्हटलं मी? चाळीस वर्षांत एक पेशंट असा अर्ध्यात घरी पाठवला नाही. हे खपवून घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या सहा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. ब्रॅनिकसाठी खांद्याचे व्यायाम. पेन्सिलीनं काढलेली चित्रं, हातांना बाण, दिवसातून किती वेळा, कुठे थांबायचं. ते मी इंग्रजीत नीट टाइप करून द्यायचे होते.

"पाठवणार कुठे?" मी विचारलं. "तो आता टीममध्ये नाही."

"तू शोध. कॉम्प्युटरवाली ना तू?"

त्याच्या गावातल्या शाळेचा पत्ता सापडला, जिथे तो लहानपणी खेळायचा. तिथले लोक पोचवतील, असं ठरलं. काकू शेजारी बसून सांगत होत्या, मी टाइप करत होते. शेवटच्या कागदावर चित्र नव्हतं, नुसत्या चार ओळी होत्या. व्यायाम करताना दुसऱ्या कुणीतरी आकडे मोजावेत. घरात कुणी नसेल तर स्वतः मोठ्यानं मोजावं. मनात मोजू नये. मनात मोजलं की माणूस मध्येच सोडून देतो.

माझी बोटं थांबली. "हेही लिहायचं?"

"तेच मुख्य आहे. लिही."

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. सकाळी साडेसातला पलीकडून काकूंचा आवाज येतो, रोज, न चुकता. मला दोन वर्षं वाटत होतं की त्या मुलाशी फोनवर बोलतात.

पाकीट पोस्टात टाकलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी चहाचा मग घेऊन त्यांच्या दारात गेले. का आलीस, असं त्यांनी विचारलं नाही. दिवाणखान्यात भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर उचलला. मी सोफ्यावर बसून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार.

काकूंनी हात तसाच ठेवून मान वळवली.

"गाडी पकडायचीय का तुला?" त्या म्हणाल्या. "सावकाश मोज."