अडुळशाचं आमंत्रण

आमच्या अण्णा टोकेकरांकडून खोकल्याचं औषध हवं असेल, तर खोकला एक दिवस आधी कळवावा लागतो. आयत्या वेळी खोकत गेलात तर ते तुम्हाला खुर्चीवर बसवतात, पाणी देतात, डोळे मिटून तुमचा खोकला शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि उद्या सकाळी या म्हणून सांगतात. मधली रात्र तुमची तुम्ही काढायची.

कारण औषध अडुळशाचं, आणि अडुळशाला न विचारता त्याचं पान तोडायचं नाही. हा नियम काही अण्णांनी काढलेला नाही. जुने वैद्य वनस्पतीला आदल्या संध्याकाळी आमंत्रण देत आणि दुसऱ्या दिवशी पानं घेत. बाकीच्यांनी तो कधीच सोडून दिला, अण्णांनी धरून ठेवला. दिवस मावळायच्या सुमारास ते पाय धुऊन घरामागच्या मोकळ्या पट्टीत जातात, अडुळशाच्या बुडाशी चार अक्षता आणि एक सुपारी ठेवतात, काहीतरी पुटपुटतात. सकाळी पिवळी पडत आलेली सात पानं निवडून आणतात, वाफवतात, वाटतात, फडक्यातून रस पिळतात आणि मधात कालवून देतात. तीन दिवसांत उतार पडला नाही, तर स्वतः हाताला धरून डॉक्टरकडे नेतात. पोटुशी बाई आली तर तिला पहिल्याच दिवशी नेतात, अडुळशाचं नावही काढत नाहीत.

काशीतल्या बकऱ्या काय खात नाहीत? संकठा घाटावर एकीनं माझा रेल्वेचा पास अर्धा खाल्ला आहे. पण त्याच बकऱ्या अडुळशाला तोंड लावत नाहीत, आणि अण्णा ते मला पाजतात. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की खोकला थांबतो.

माझी भुसावळहून इथं बदली झाली आणि दूधविनायक मोहल्ल्यात अण्णांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला, त्याला तीन वर्षं झाली. अण्णा निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांचं घराणं काशीत इतक्या पिढ्यांचं, की मूळ गाव कुठलं हे विचारलं तर ते नकाशात बघून सांगतात. लग्न केलं नाही. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. आम्ही यायच्या आदल्या वर्षी ताई वारल्या.

विचारण्याचं वेड त्यांना अडुळशापुरतंच नाही. गल्लीत सांड आडवा उभा असला तर लोक त्याला थापटून सरकवतात. अण्णा त्याला वाट विचारतात आणि तो कंटाळून हलेपर्यंत थांबतात. एकदा त्यांच्या मागं पंचगंगा घाटाकडे निघालेली पंधरा यात्रेकरू माणसं खोळंबली होती. न्हाव्याला ते आदल्या दिवशी सांगून येतात. मला फोन करायचा असला तर जिना चढून वर येतात आणि संध्याकाळी फोन केला तर चालेल का, हे विचारून जातात. संध्याकाळी फोन येतो. काम सकाळी विचारतानाच सांगून झालेलं असतं.

हे सगळं अण्णा माझ्याशी हिंदीत बोलत. "पहले पूछ लो, फिर तोड़ो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुरुवातीला मात्र तसं नव्हतं, आणि तो भाग मला सांगायलाच हवा. आम्ही आलो त्या आठवड्यात मी त्यांना चहाला बोलावलं होतं. ऑफिसातले दोघं भुसावळकर मित्रही होते. मला खोकला झालेला बघून अण्णा म्हणाले, "आज शामला पूछून घेतो, उद्या सुबे पानं तोडतो." संध्याकाळचं ‘शामला’ आणि विचारण्याचं ‘पूछून’ ऐकून मी हसलो. नुसता हसलो नाही, तर मित्रांना ते वाक्य अण्णांच्या सुरात म्हणून दाखवलं. तेही हसले. अण्णाही हसले, चहा संपवला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी हिंदीत बोलू लागले. मला वाटलं, त्यांना तेच सोयीचं पडत असेल.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीत सांडपाण्याची नवी लाईन टाकायला घेतली. ती नेमकी आमच्या घरामागून जाणार होती. ठेकेदाराचा मुकादम फावडी, घमेली आणि चार माणसं घेऊन आला आणि त्यानं अडुळशाचं झुडूप उपटायला सांगितलं. अण्णा अंगावर उपरणं टाकून बाहेर आले. लाईन नको असं ते म्हणालेच नाहीत. फक्त एक दिवस मागितला, अडुळशाला विचारायला.

मुकादम म्हणाला, "बाबा, अब झाड़ी से भी परमिशन लेवे के पड़ी?" आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. अण्णांनी सवयीनं डोळे मिटले. खोकला किती दिवसांचा, बिडी किती, रात्री झोप लागते का, सगळं विचारून झालं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की औषध आहे, पण उद्या सकाळी मिळेल, आणि झुडूप आज उपटलं तर मिळणार नाही. मुकादमानं अण्णांकडे बघितलं, झुडपाकडे बघितलं, पुन्हा खोकला, आणि माणसांना गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून खणायला लावलं.

त्या संध्याकाळी मी आमच्या जिन्याच्या खिडकीत उभा होतो. खरं सांगायचं तर गंमत बघायलाच. अण्णा आले, अक्षता ठेवल्या, सुपारी ठेवली. दोन ओळी संस्कृतात म्हणाले. मग झुडपाशेजारच्या दगडावर बसले आणि मराठीत बोलायला लागले.

दुपारी खिचडी करपली, ते सांगितलं. चष्मा सापडत नव्हता आणि तो उशीखालीच होता, ते सांगितलं. एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं होतं, त्यातला मजकूर सांगितला. घाई नव्हती, अडखळणं नव्हतं. मधूनमधून थांबत, समोरच्याला बोलायला जागा ठेवल्यासारखे. मग म्हणाले, "रोज शामला येतो, आमंत्रण देतो, आणि सुबे पानं न्यायला येतच नाही. कोणी खांसतच नाही तर काय करू? तू बुरा मानला नाहीस. ताई गेल्यापासून मराठीत ऐकून घेणारा तूच होतास. उद्या मात्र पक्का येतो. तुझ्या फांद्या नेतो, जगशील."

तेव्हा मला ते भर उन्हाळे आठवले. घरात कोणाला साधी शिंकही नव्हती, आणि अण्णा रोज पाय धुऊन मागं जायचे. डोक्यावर आमचा मजला, त्यात दोन मराठी माणसं, दिवसभर मराठीत भांडणारी; आणि हा माणूस आपली भाषा घेऊन झुडपाकडे जात होता. का, ते मला ठाऊक होतं. मला माझी लाज वाटली. मी खिडकीतून हळूच मागं झालो.

सकाळी मुकादम रस प्यायला, तोंड वाकडं केलं आणि उद्याचा डोस किती वाजता, ते विचारलं. अण्णांनी संध्याकाळीच पानं जास्तीची मागून घेतली होती म्हणे. मग त्यांनी कोयतीनं बारा फांद्या छाटल्या. रंगाचे रिकामे डबे मी आणून दिले, माती माझ्या बायकोनं भरली. अकरा डबे गल्लीत वाटायचे ठरले. बारावा मी उचलला आणि आमच्या गॅलरीत ठेवायला निघालो. जिन्याशी थांबून मी म्हणालो, "अण्णा, वर नेऊ ना? तुम्ही पूछून घेतलं का?"

मी हसत नव्हतो, हे त्यांनी नीट पारखून घेतलं.

"विचारून घेतलं का, म्हणावं," ते म्हणाले. मग माझ्या हातातला डबा नीट सरळ करून, "घेतलं. पण रोज शामला मला वर यावं लागेल. नवीन जागी तो बुजेल."

तेव्हापासून अण्णा रोज दिवस मावळताना वर येतात. पहिले काही दिवस सरळ गॅलरीत जायचे, डब्याशी बोलायचे, खाली उतरायचे. मग बायकोनं चहा ठेवायला सुरुवात केली. मग खिचडी करपू नये म्हणून काय करावं यावर दोघांची चर्चा झाली, आणि ती अजून मिटलेली नाही. माझ्या भुसावळी मराठीतल्या चुका अण्णा आता रोज काढतात. तिच्यात हिंदी फार आहे, असं त्यांचं म्हणणं.

परवा गप्पा अशा रंगल्या की अण्णा आमच्याकडेच जेवले. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरले आणि थबकले. उपरण्याच्या गाठीतल्या अक्षता तशाच होत्या, त्या त्यांनी मुठीत घेतल्या. गॅलरीत डब्यातल्या काडीला दोन नवी पानं फुटली होती, ती दारातून दिसत होती. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

अण्णांनी मूठ माझ्यापुढे उघडली आणि अक्षता माझ्या हातावर ठेवल्या.

"आज तुम्ही पूछा," म्हणाले, आणि खाली गेले.