दामू तामोऱ्याला न उघडलेलं कुलूप

दामू तामोरे कुलपासमोर बसायच्या आधी चपला काढून ठेवायचा. देवळात शिरल्यासारखा. मग कुलपाला कान लावायचा, छत्रीची काडी हळूच आत सरकवायचा आणि विचारायचा, "काय रं बाबा, कोणावर रुसलास?" बाहेर अडकलेला माणूस अशा वेळी किती कावतो ते मला विचारा! मी भर दुपारी माझ्याच खोलीबाहेर उभा, पोटात कळा, टमरेल आत, आणि हा गृहस्थ कुलपाची विचारपूस करतोय!

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तिथे कारकून, दामू फिटर. मी साताऱ्याकडचा. माझ्यासारखे बरेच जण परमुलखातून आलेले, कुंभवलीला भाड्याच्या खोल्यांत कोंबलेले. बायका गावाला, जेवण बेचव आणि वारं खारं. पालघरच्या बाजारातून आणलेलं नवं कोरं कुलूप चार महिन्यांत गंजायचं. माणूससुद्धा इथे गंजतो, असं मी घरी कळवलं होतं. तिकडून काही उत्तर आलं नाही.

दामू मात्र इथलाच, समुद्राकाठच्या गावचा. कुलपं उघडणं हा त्याचा धंदा नव्हे, नाद. कोणाची पेटी, कोणाची सायकल. क्रेनवरचा गुरमीत ओरडायचा, "दामू, खोल दे यार, रोटी अंदर है!" की हा हातातला घास टाकून पळालाच. बदल्यात चहासुद्धा नको. फक्त एक ऐकून घ्यावं लागे, "मला न उगडलेलं कुलूप अजून पैदा व्हायचंय." हे तो इतक्यांदा म्हणायचा, की दार उघडल्याचा निम्मा आनंद तिथेच संपायचा.

एकदा आमचे हेडक्लार्क मस्टरच्या कपाटाची चावी खिशात घालून एडवणला लग्नाला गेले. दामूने कपाट उघडलं आणि वर कपाटाचीच बाजू घेतली. "असला मालक मिळाला तर मी पण रुसलो असतो!"

मग त्याच्या गावाची पाळी आली. बांधकामाला जागा हवी होती, गाव उठायचं होतं. लोक भांडी, देव, जाळी बैलगाड्यांत घालून नव्या जागी निघाले. दामूच्या म्हाताऱ्या आईनेही घर रिकामं केलं. जमीन सारवली, दाराला दाबून लावायचं जाडजूड कुलूप घातलं आणि चावी समुद्रात फेकून दिली. "माजं घर कोणी उगडायचं नाय," म्हणाली.

कुलूपबंद घर आत पाहिल्याशिवाय पाडायचं नाही, असा नियम. आमचा साइटवरचा साहेब भला माणूस. म्हणाला, "तोडू नका. आपला दामू आहे ना?" म्हणजे बघा! साइटवर कुलूप उघडणारा एकच, आणि घरही नेमकं त्याचंच. देवाला दुसरं काही सुचत नाही का हो?

मी पंच म्हणून गेलो होतो. ऊन मरणाचं, म्हणून दामूच्या डोक्यावर छत्री धरून त्याच्याशेजारी बसलो. म्हातारी पदर खोचून मागे उभी, तिच्यामागे साहेब, गुरमीत आणि साइटवरची मंडळी.

"उगड," ती म्हणाली. "लोकांची उगडतोस, आता आईचं उगड. मग मला आई म्हणू नको."

त्या दिवशी दामू कुलपाशी बोलला नाही. काडी आत फिरत राहिली. थोड्या वेळाने बारीक खट झालं आणि कुलपाची कडी अर्धं बोट वर आली. मी पाहिली. इतरांना त्याच्या पाठीमुळे दिसली नाही. दामूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने कडी परत खाली दाबली.

"नाय उगडत, साहेब," तो मोठ्यांदा म्हणाला. "माज्याच्यानं नाय होत."

"उस्ताद हार गया!" गुरमीत ओरडला. सगळे हसले. सगळ्यांत जास्त म्हातारी हसली. "बगा, माज्या पोराला पण नाय जमलं!"

शेवटी मागची भिंत पाडून साहेबाने आत पाहून घेतलं. दार मात्र म्हातारीने सोडलं नाही. चौकटीसकट, कुलपासकट ते गाडीवर चढवलं आणि त्याला पाठ टेकून ती बसली.

नव्या जागी ते दार बसवणार कसं? कुलूप उघडत नव्हतं ना! म्हणून दारात गोणपाट, आणि दार भिंतीला टेकवून उभं. येईल त्याला म्हातारी ते दाखवायची. "आमचं घर आमीच बंद केलं. कोणाला उगडलं नाय."

इकडे दामूची पार रया गेली. "घरचं उघडेना आणि चालला लोकांची उघडायला!" लोक कुलपं दगडाने फोडू लागले, पण त्याला बोलवेनात. जेवणाच्या सुट्टीत तो एकटा बसायचा. कुठे कोणी हाक मारली की अर्धवट उठायचा आणि परत खाली बसायचा. मला ते बघवेना. एक दिवस म्हटलं, "बस झालं, दामू. मी आज सगळ्यांना सांगून टाकतो."

त्याने घाईघाईने माझा हात धरला. "म्हातारी हाय तवर बोलू नका, भाऊ. तिच्याकडं आता तेवढंच हाय."

म्हातारी चिवट निघाली. पुढे पुष्कळ वर्षं जगली. तेवढी वर्षं दामूने लोकांचं हसं सोसलं, आणि मी शेजारी बसून गप्प राहिलो.