रघूत्तमरावांच्या आकाशातला ठिपका

आमचे शेजारी रघूत्तमराव कॅमेऱ्याचं भिंग बदलायला न्हाणीघरात जात. आधी बादलीभर कढत पाणी फरशीवर ओतायचं, वाफेनं हवेतली धूळ खाली बसू द्यायची. मग सदरा काढून ठेवायचा, कारण सदऱ्याचे धागे उडतात, आणि नुसत्या ओल्या पंचावर आत शिरायचं. जानव्याला किल्ली बांधावी तसा धूळ उडवायचा रबरी फुगा लटकवलेला. घरातले पंखे बंद. आमचेसुद्धा बंद, कारण मधल्या दाराच्या फटीतून आमचा वारा त्यांच्याकडे जातो अशी त्यांची खात्री होती. हे सगळं चेन्नईत, मे महिन्यात.

दारावर टकटक व्हायची. "पाध्येसार, पंखा. आणि थोडा श्वास धरा."

"आता आमच्या घरात आम्ही श्वाससुद्धा घ्यायचा नाही?" माझी बायको आतून विचारायची.

"घ्या की, मामी. हळू घ्या." इकडच्या रीतीनं ते तिला मामी म्हणत.

तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी आमची दोनच घरं. मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी अंबत्तूरच्या एका कारखान्यात आलो आणि इथेच म्हातारा झालो. त्यांचे पूर्वज तंजावरला आले त्याला किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. "तुमची मराठी नळाची," ते म्हणत, "आमची विहिरीची. पाणी तेंच, पण आमच्याला दोर लागतो." बँकेतून निवृत्त झालेले, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी चारला मी त्यांच्याकडे फिल्टर कॉफी प्यायला जायचो. त्यांच्याकडे जाणारा बहुधा मी एकटाच होतो.

धुळीशी त्यांचं वैर होतं असं कोणाला वाटेल, पण तसं नव्हतं. ते तिला 'पाव्हणे' म्हणत. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटी, हातात तसाच धरून बघत राहायचे. तिरिपीत कण तरंगत असायचे, सावकाश, कुठेच जायचं नसल्यासारखे. "हा मरीनाच्या वाळूचा. हा खालच्या पिठाच्या गिरणीचा. हा तुमच्या मामींच्या पावडरीचा," ते हलक्या आवाजात सांगत. मीही बघत बसे. थोड्या वेळानं खरंच वाटायला लागे की प्रत्येक कणाला आपापलं गाव आहे. "बाहेर राहोत बापडे," ते म्हणत. "आंत मात्र नको. आंत एक जरी गेला, तर रोजच्या आकाशांत येऊन बसेल."

ते रोज पहाटे समुद्रावर जात आणि सूर्य वर येताना एकच फोटो काढत. फोटो छापून जिन्यातल्या फळ्यावर लावायचे. कामावर जाणारी माणसं एक क्षण थांबून तो बघत, चपला चढवत आणि पुढे जात. दिवसभरात रघूत्तमरावांचं इमारतीशी एवढंच बोलणं व्हायचं.

आणि त्या आकाशात जो आत गेला, तो माझ्यामुळे. एवढी वर्षं इमारतीत सगळ्यांना वेगळंच ठाऊक आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आयुधपूजेचा दिवस होता. कारखान्यात दरवर्षी यंत्रांना कुंकू लावायचं काम माझ्याकडे असे. लेथपासून हातगाडीपर्यंत टिळा लावल्याशिवाय एकही वस्तू मी सोडली नव्हती. रघूत्तमरावांनी पाटावर कात्री, विळी, बँकेच्या काळातलं पेन मांडलं होतं. सगळ्यांना गंध-कुंकू लावलेलं. मधोमध कॅमेरा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. "त्यास लांबूनच नमस्कार," त्यांनी बजावलं आणि दृष्ट काढलेला कोहळा रस्त्यावर फोडायला ते खाली गेले.

मला ते बघवेना. विळीला टिळा आणि बिचारा तो तेवढा कोरा. घरून कुंकवाची डबी आणली, आमच्या अंबाबाईच्या देवळाबाहेरून येतं ते कुंकू. पिशवी सोडली आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर चांगलं चिमूटभर लावलं. ते भुरभुरत भिंगाच्या कडेला पडलं. झटकायला गेलो तर कुठलीतरी कळ दाबली गेली, आणि भिंग वळून हातातच आलं. आत एक चकचकीत चौकोन होता, ओल्या डोळ्यासारखा. त्यावर लाल कण.

मी फुंकर मारली. फुंकरीबरोबर थुंकीही गेली. मग उपरण्याच्या टोकानं पुसलं, जरा दाबूनच. खालून कोहळा फुटल्याचा आवाज आला, तेव्हा भिंग जागेवर होतं, पिशवीची गाठ मारलेली होती आणि मी हात जोडून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या आकाशात उजवीकडे वर एक करडा ठिपका होता. तिसऱ्या दिवशी तिथेच. रघूत्तमरावांनी माउंट रोडमागच्या दुरुस्तीवाल्याला कॅमेरा दाखवला. आतला भाग कोणीतरी कापडानं घासलाय, तो म्हणाला, ओरखडे जाणार नाहीत, आख्खा भागच बदलावा लागेल. परत आल्यावर जिन्यात चौकशा सुरू झाल्या. मीही तिथेच उभा होतो.

"मींच पुसलों," रघूत्तमराव म्हणाले. "पंचानें."

इमारत कितीतरी दिवस हसत होती. धाग्याच्या भीतीनं सदरा काढणारा माणूस पंचानं कॅमेरा पुसतो. वॉचमन ठिपक्याला कावळा म्हणायचा, त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, आणि "तात्ता, आज कावळ्यानं काय खाल्लं?" असं विचारायचा. मीही हसलो. हे सगळ्यांत वाईट.

रघूत्तमरावांनी तो भाग बदलला नाही. आधी मला वाटलं, मन उडालं. पण मग फोटो बदलायला लागले. कधी तो ठिपका होडीच्या शिडाच्या टोकावर येऊन बसे, कधी घारींच्या रांगेत शेवटची घार होई. धुक्यातल्या एका सकाळी समुद्र आणि आकाश एकच दिसत होते आणि तो मधेच तरंगत होता, तिरिपीतल्या पाव्हण्यासारखा. लोक फळ्यासमोर आता जास्त वेळ थांबत. आज कुठे लपलाय ते शोधत.

मी चारच्या कॉफीला जात राहिलो. रोज सांगायचं ठरवून जायचो, आणि साखर बरोबर आहे एवढंच सांगून परत यायचो.

शेवटी या हिवाळ्यात एका पहाटे त्यांच्याबरोबर समुद्रावर गेलो. वाळू गार होती. उजाडायचं होतं. ते डोळ्याला कॅमेरा लावून उभे होते, म्हणून मला बोलता आलं.

"रघूत्तमराव, ते पुसलं मी होतं."

"ठाऊक," ते म्हणाले. कॅमेरा खाली आला नाही. "दुरुस्तीवाला कापसावर लाल काढून दाखवला. तसलें लाल या गांवांत कोठें मिळतें? तुमच्या मामींच्या कपाळाचें."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

एक लाट येऊन गेली.

"बोललों असतों तर तुम्ही कॉफीस यायचें सोडलां असतां. मग पंखा बंद करा म्हणून मी कोणास सांगूं?"

सूर्याची कड वर आली होती. त्यांनी पहिल्यांदाच समुद्राकडे पाठ केली आणि कॅमेरा माझ्यावर धरला. "थोडें डावीकडे. मान खालीं. आणखी थोडी." ते त्यांचा ठिपका कुठेतरी नेऊन ठेवत होते.

तो फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. माझ्या कपाळावर बरोबर मधोमध टिळा आहे.

"आतां आला बरोबर," ते तेव्हा म्हणाले होते. "श्वास धरा, सार."

मी धरला.