बसवंतअण्णांचं बिनपाठाचं नाटक

पाठ केलेलं काही कानावर पडलं की बसवंतअण्णा दोन्ही कानांत बोटं घालतात. एका लग्नात उखाणा घेणाऱ्या नवरीसमोरही त्यांनी घातली. वर तिच्या सासऱ्यादेखत विचारलं, "ठरवून आलीस व्हय?"

हा माणूस बीदरच्या किल्ल्याजवळ, एका पत्र्याच्या शेडमध्ये, सहलीला आलेल्या लेकरांकडून नाटक करून घेतो. कागद न्हाई, संवाद न्हाई. अण्णा प्रसंग सांगणार आणि लेकरांनी सुचेल ते बोलायचं. मी औरादकडची शिक्षिका. गेल्या साली माझी सहावीची लेकरं तिथं तोंडात गुळणी धरून उभारली. "बाई, लेकरं आणलाव का खांब?" अण्णांनी दुसऱ्या शाळेच्या लेकरांपुढं विचारलं. माझं डोस्कं जे फिरलं, ते वर्षभर जाग्यावर आलं न्हाई.

म्हणून यंदा आठ दिवस गुपचूप तालीम घेतली. प्रसंग कुठलाही मिळो, तो वळवून आठवडी बाजारात न्यायचा आणि पाठ केलेलं बोलून मोकळं व्हायचं.

अण्णांनी नेमका दवाखाना दिला. आमचा पेशंट कण्हत आत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, वांगी कशी दिली?"

अण्णांची बोटं कानात. "बाई, तुम्ही शिकवलाव?"

"व्हय, मीच," मी उठलेच. "कामून शिकवू नको? तुम्ही खांब म्हणलाव, म्हणून ही महादेवी यंदा सहलीलाच यायला तयार नव्हती. हाता-पाया पडून आणली तिला. नाटक शिकवतो म्हणता आणि लेकरांची तोंडं बंद करता. एकदा तुम्ही उभारा तिथं. बघू काय सुचतंय."

अण्णा रागानं लाल झाले, पण उठले. "बसस्टँड," म्हणाले आणि मधोमध उकिडवे बसले.

कुणी पुढं जाईना. शेवटी महादेवीच गेली.

"अप्पा, कुणाची वाट बघायलाव?"

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग ते हळूच म्हणाले, "लेकाची. दिवाळीला येतो म्हणला होता."

"दिवाळी कवाच झाली, अप्पा. शेवटची गाडीबी गेली. चला आमच्याकडं जेवायला."

तिनं हात धरून त्यांना उठवलं, दोन पावलांवर बसवलं आणि रिकाम्या हातांनी वाढलं. अण्णा नसलेली भाकरी मोडून चावून चावून खायला लागले. त्यांचा लेक हैदराबादला असतो हे मला ठाऊक होतं. तो येतो का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"वरण वाढ ग माय," अण्णा मान खाली घालून म्हणाले. "कुणी वाढलेलं खाऊन लई दिस झाले."

एकही लेकरू हसलं न्हाई. माझा राग होता तसाच होता, पण आता तो कुणावर काढावा कळेना. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. मी दारात जाऊन त्याच्यावरच खेकसले, "थांब की जरा. माणूस जेवायलाय."