तक्रार निरंक

तक्रार हा माणसाच्या अनुभवाचा सर्वांत शुद्ध अर्क आहे. कौतुक आपण भिडेखातर करतो, तक्रार मात्र मनापासून करतो. म्हणून जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून आत डोकावणे हे अडाणीपणाचे लक्षण असून मालकांच्या तक्रारी गोळा करणे हाच शास्त्रीय मार्ग होय, असे आमचे बडोद्याच्या नागरवाड्यातले शेजारी गोविंदराव मानतात. त्यांची उभी हयात एका कार्यालयाच्या तक्रार विभागात गेली. (तिथे एखादी तक्रार दूर झाल्याचे ऐकिवात नाही, पण वर्गीकरण नेमके असे.)

गाडी हवी होती त्यांच्या मुलीला, मोहनाला. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. कंपनीची बस आमच्या बाजूला फिरकत नव्हती, आणि सोमवारी वेळेवर हजर न झाल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला देऊ, असे तिथल्या साहेबांनी हसतमुखाने सांगितले होते. मुलगी आनंदाने नुसती तरंगत होती. गाडीच्या निवडीतून मात्र तिला वगळण्यात आले. गाडी चालवणारी तीच असल्याने तिचे मत निःपक्ष राहिले नसते.

गोविंदरावांनी बडोद्यात विकायला निघालेल्या सव्वीस गाड्यांच्या मालकांना गाठले. त्यांचे गुजराती स्वयंभू आहे. मराठी वाक्याच्या शेवटी ‘छे’ बसवले की भाषांतर पूर्ण होते. त्यानुसार प्रत्येकाला एकच प्रश्न विचारण्यात आला, “गाडीमां कोई तकरार छे?” (गुजरातीत तकरार म्हणजे भांडण, आणि आपल्या तक्रारीला तिथे फरियाद म्हणतात. हा भेद सर्वेक्षणाच्या कक्षेत येत नव्हता.)

लोक भडाभडा बोलले. एकोणीस घरांत, म्हणजे शेकडा त्र्याहत्तर गाड्यांवर, रोज तकरार होती. एक काका डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “दीकरा ने वहु वच्चे.” मुलगा आणि सून यांच्यात, रोज सकाळी, गाडी कोणी न्यायची यावरून. गोविंदरावांनी नोंद केली: दोष पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, बहुधा गिअरमध्ये. आणखी सहा घरांत तकरार फक्त सणासुदीला होई. नोंद: जास्त माणसे बसल्यास स्प्रिंग दबते.

उरले मकरपुऱ्याचे विहंगभाई. ते शांतपणे म्हणाले, “आ गाडी माटे अमारा घरमां कोई दिवस तकरार थई नथी.” या गाडीवरून त्यांच्या घरात एकदाही तकरार झाली नव्हती.

गोविंदराव गहिवरले. इतक्या वर्षांच्या सेवेत त्यांना अशी कोरी नोंद भेटली नव्हती. गाडी चालवून बघण्याची सूचना त्यांनी धुडकावली, कारण एका फेरीवरून निष्कर्ष काढणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. विहंगभाईंनी गाडी टेम्पोला दोरीने बांधून आणून दिली. “बघा,” गोविंदराव मला म्हणाले, “दुसऱ्याला देतानासुद्धा चालवणं जिवावर आलंय. वापरली किती जपून असेल.” मला ते पटले. गोविंदरावांच्या पत्नी निरुपमाताईंनी गाडीला हार घातला, आणि पेढा मीही खाल्ला.

सोमवारी सकाळी मोहनाने किल्ली फिरवली. काहीच झाले नाही. आवाजसुद्धा आला नाही, म्हणजे त्या बाबतीतही तक्रारीला जागा नव्हती. आम्ही चौघांनी धक्का मारून गाडी कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे ती कायमची विसावली. गोविंदरावांनी विहंगभाईंना फोन लावला.

“तकरार शेनी थाय, काका?” पलीकडून आवाज आला. “चालती होय तो कोई मांगे ने.” (भांडण कशाचे होणार? चालत असती तर कोणी मागितली असती ना.)

मोहनाने हे ऐकले. ती गुजराती शाळेत शिकलेली, तिला समजावून सांगावे लागले नाही. ती रिक्षा शोधत पळत गेली, नंदेसरीला उशिरा पोचली आणि दुपारी परत आली. जागेवर दुसरी मुलगी बसली होती.

तेव्हापासून ती वडिलांना वाट्टेल ते बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. ती काहीच बोलली नाही. आजही बोलत नाही. मागत नाही, रुसत नाही, पानात पडेल ते खाते आणि खोलीत जाते. मला तिच्याकडे बघवत नाही. गोविंदराव मात्र समाधानी आहेत. “पोरगी फार समजूतदार निघाली,” ते परवा म्हणाले. “एका शब्दाची तक्रार नाही.”

तुमच्याही घरात सध्या कोणाची काही तक्रार नसेल. आनंद आहे. एकदा किल्ली फिरवून बघा.