सातव्या सभासदाची रजा

रिबेकाताई खांबकर चहासुद्धा कोरम झाल्याशिवाय पीत नाही. कप समोर निवत असतो आणि ही उजव्या हाताचं बोट नाचवत खोलीतली डोकी मोजत असते. "एक, दोन, तीन... ही कोण, पाव्हणी? पाव्हणीला मताचा हक्क नाय. चार. अजून एक पायजे." मग कोणीतरी शेजारच्या घरात हाक मारायची. शेजारीण ओले हात पदराला पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली, की ताई कप उचलते. चौघींत प्यायलेला चहा तिच्या लेखी बेकायदेशीर.

रोह्यात तिच्या घराला लागूनच माझं घर आहे, त्यामुळे ही पाचवी शेजारीण बहुतेक वेळा मीच असते. मी शाळेत भूगोल शिकवायचे. आता निवृत्त आहे, आणि ताईच्या संस्थेची पहिल्या दिवसापासून चिटणीस आहे. म्हणजे ती बोलणार आणि मी लिहिणार. रागावले तरी लिहिणार.

पेण-रोह्याकडे ज्या बायका स्वतःचा छोटासा धंदा करतात, त्यांच्यासाठी आमची संस्था. कोणी पोह्याचे पापड लाटते, कोणी जोहे गावात गणपतीच्या मूर्ती रंगवते, कोणी सुकट-बोंबील विकते. त्यांना परवाना काढून द्यायचा, पाकिटावर नाव कसं छापायचं ते सांगायचं, बँकेतल्या साहेबासमोर खुर्चीवर टेकून बसायला शिकवायचं, अशी आमची कामं. अशा संस्थांना सरकार अनुदान देतं. निदान अर्ज तरी देतं, आणि तो भरण्यात आमची निम्मी हयात गेली.

ताईला सभेच्या कामकाजाचं वेड आहे. घरात, बाजारात, एसटीत, जिथे असेल तिथे तिची सभा भरलेली असते. एकदा मासळीबाजारात जिताड्याचा भाव ऐकून तिने भर गर्दीत जाहीर केलं, "ठराव मांडते. या भावाने जिताडा घेऊ नये. अनुमोदन दे गो शुभे." मी पिशवी धरून उभी होते, दिलं अनुमोदन. कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ठराव पास झाला तुमचा. पन जिताडा माजा हाय ना?" ताईने क्षणभर विचार केला, आणि "हरकत ग्राह्य" म्हणून त्याच भावाने जिताडा घेतला.

कोरम भरला नाही तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, जितक्या असतील तितक्या जणींत उरकायची, अशी सोय सगळ्या संस्थांच्या घटनेत असते. आमच्याही आहे. पण ताईने ती एकदाही वापरू दिलेली नाही. "फसवणूक हाय ती," म्हणते. "माणूस आलं नाय, तर आलं नाय म्हणावं. अर्ध्या तासाने काय ते नसलेलं माणूस नको झालं?"

हे वेड कुठून आलं ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मग एका शनिवारी तिनेच सांगितलं. शनिवारी ती अर्जाला हात लावत नाही, नुसती ओटीवर बसते. ताई बेने इस्राएल, आपल्या कोकणातली ज्यू. तिच्या लहानपणी रोह्यात त्यांची बरीच घरं होती. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटाबाहेर निघत नाही. एकेक घर इस्राएलला जाऊ लागलं तसा आकडा उतरत गेला, आणि तिचे वडील शनिवारी सकाळी धुतलेली टोपी घालून सिनेगॉगच्या पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघायचे. मुंबईहून कोणी पाहुणा येतोय का, नागोठण्याहून कोणी येतोय का. ताई आणि तिची धाकटी बहीण फ्लोरा त्यांच्या शेजारी उभ्या.

"आम्ही दोघी होतो ना गो तिथं," ताई म्हणाली. "बाबा नऊ मोजायचे आणि गप व्हायचे. आम्हाला मोजायचंच नसतं. बायका त्यात धरत नायत."

पुढे फ्लोरा मोठी झाल्यावर तिच्याच डोक्यातून संस्था निघाली. जिथे बायकाच मोजतील अशी. सात जणी जमवल्या, मला मागच्या दाराने ओढून नेलं, आणि नोंदणीच्या कागदावर फ्लोराने सातवी सही केली. ताई अध्यक्ष झाली, कारण फ्लोरा म्हणाली, "हिला बोट नाचवायची सवय हाय."

चौदा वर्षांपूर्वी फ्लोराही इस्राएलला गेली. मुलगा तिकडे, सून तिकडे, नवऱ्याचं दुखणं. जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "माझं नाव काढू नको हां रिबू. वर्षभरात येते."

ते वर्षभर अजून संपलेलं नाही. ताई दर सभेची नोटीस तिला टपालाने पाठवते. दर सभेच्या इतिवृत्तात मी लिहिते, "सौ. फ्लोराबाई परगावी असल्याने अनुपस्थित. रजा मंजूर." एकदा आमच्या हिशेबनिसाने विचारलं, की या बाईंना इतकी रजा कोण देतं? ताई म्हणाली, "मी देते. अध्यक्षांचा अधिकार हाय." तो तरुण माणूस, पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

खरी अडचण आली ती वाळवणाच्या यंत्राने. वडखळजवळची सुनंदा म्हात्रे आणि तिच्याबरोबरच्या बायका पापड करतात. उन्हाळ्यात अंगणभर पापड, आणि पाऊस लागला की चार महिने हात बांधलेले. नेमक्या त्याच दिवसांत, गणपतीच्या तोंडावर, दुकानदार माल मागतात. एका पावसात सुनंदाने हौसेने मागणी घेतली आणि घरात पंख्याखाली पापड वाळवले. सगळ्यांना बुरशी धरली. ती टोपलं घेऊन आमच्याकडे आली आणि एकेक पापड उलटून दाखवत राहिली. "मेहनत सडली गो ताई," एवढंच म्हणाली.

यंत्राला अनुदान मिळत होतं. आम्ही अर्ज केला. अर्ज परत आला: सातही सभासदांच्या सह्या आणि आधार कार्डं जोडा. ताईने उत्तर पाठवलं, "सातव्या सभासद परगावी आहेत." पुन्हा परत. दुसऱ्या वर्षी तिने फ्लोराच्या जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली. ती ज्याने वाचली असेल त्या माणसाची मला दया येते. पुन्हा परत, या वेळी लाल शाईत: बदल अर्ज करून अद्ययावत यादी सादर करावी, अन्यथा प्रस्ताव कायमचा निकाली काढण्यात येईल.

बदल अर्ज म्हणजे अलिबागला धर्मादाय कार्यालयात जाऊन एक नाव काढायचं आणि एक घालायचं. एका दिवसाचं काम. ताई म्हणाली, "बघू पुढच्या सभेत."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "तुझ्या बहिणीचं नाव कागदावर राहावं म्हणून सुनंदाने अजून किती पावसाळे बुरशी बघायची?" मी म्हटलं. "ती येणार नाही, ताई. तुलाही माहीत आहे." बोलून गेले आणि जीभ चावली.  ताई उठून घरात गेली. चार दिवस आमच्यात चहा नाही, हाक नाही. मला घास गोड लागेना.

पाचव्या दिवशी ती आली. दारातूनच म्हणाली, "फ्लोराला फोन लावून दे. चेहरा दिसतो तो."

फ्लोरा स्वयंपाकघरात होती. केस पांढरे झालेले, पण बोलणं तस्सं. आधी नेहमीचं झालं: पेणचे पापड मिळाले, नातवाने सगळे एकट्याने खाल्ले. मग ताईने घसा साफ केला आणि सभेत बोलते तशी बोलू लागली. "विषय क्रमांक एक. कार्यकारिणीत बदल." फ्लोरा आधी हसली. मग तिला कळलं.

"मला काढतेस व्हय गो रिबू?"

"काढत नाय. तू राजीनामा दे."

"तेच ते." ती ओट्याला टेकली. "रेशनकार्डात मी नाय. मतदार यादीत नाय. घराच्या उताऱ्यावर नाय. रोह्यात एवढ्या एका कागदावर होते."

ताईने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी फ्लोराला सुनंदाचं सगळं सांगितलं, टोपलं, बुरशी, लाल शाई. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "संस्था काय माझं नाव ठेवायला काढली होती काय? लिहिते मी." दोन दिवसांनी तिचा राजीनामा फोनवर आला, मागोमाग टपालाने. सुंदर मराठी अक्षर. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "यापुढे सभांना हजर राहणे मला शक्य होणार नाही."

ताईने सभा रीतसर बोलावली. नोटीस स्वतः वाटली, पेणच्या दोघींना स्वतः जाऊन देऊन आली. ठराव मी मांडला: फ्लोराबाईंचा राजीनामा स्वीकारून त्यांच्या जागी श्रीमती सुनंदा म्हात्रे यांना घ्यावे. "बाजूने?" ताईने विचारलं. आम्ही पाच जणींनी हात वर केले. "विरुद्ध?" असं म्हणून तिने स्वतःचा हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता.

"अगं ताई!" मी म्हटलं.

"पाच विरुद्ध एक. ठराव मंजूर," ती म्हणाली. "लिही गो."

मी लिहिलं. अक्षर काही धड आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अलिबागला गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने कागद शांतपणे चाळले, राजीनामा पाहिला, ठरावाची प्रत पाहिली, आणि मान वर केली. "ताई, यात एक मत विरोधात आहे."

"व्हय."

"कोणाचं?"

"माझं."

त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं. "पण अध्यक्ष तुम्हीच. अर्जावर सही तुमची. विरोध होता तर मग घेऊन कशाला आलात?"

ताईने खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "विरोध हायच. बहीण हाय माझी," ती म्हणाली. "पण पावसात पापड वाळत नायत. मारा शिक्का."

त्याने शिक्का मारला. ताईने पोचपावती हातात घेतली आणि नव्या यादीतली सातही नावं बोट ठेवून, हळूहळू, मोठ्याने वाचली.