सेनेटरसाहेबांचं तांबडं फूल

"दारूबंदीचे थोर पुरस्कर्ते, दिवंगत सेनेटर एझ्रा टॉलिव्हर यांच्या स्मरणार्थ पाइक्स फोर्ड गावाचं अधिकृत फूल तांबडं कार्नेशन असावं," असा ठराव नगराध्यक्ष डॉब्ज यांनी मांडला आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या थर्मन हफच्या हातून शाईची दौत लवंडली.

तसं फूल बिचारं निरुपद्रवी. सेनेटरसाहेबांच्या कोटाला ते रोज असायचं. ओहायोतल्या या गावात दारूबंदी आणली तीही त्यांनीच. पण गावातल्या निवडक पुरुषांना त्या फुलाचा दुसरा उपयोग ठाऊक होता. गुस क्लाइनच्या फुलांच्या काचघराला मागे एक दार होतं. कोटाला तांबडं कार्नेशन लावून ते ठोठावलं, की गुसची म्हातारी आई दार उघडायची आणि सफरचंदाच्या ब्रँडीचा पेला हातात द्यायची. शिवाय कार्नेशनला वास लवंगेचा आणि गुस ब्रँडीतही लवंगाच टाकायचा. घरी बायकोने नाक फेंदारलं की छातीवरच्या फुलाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं. ही युक्तीसुद्धा सेनेटरसाहेबांचीच. कायदाही त्यांचा आणि पळवाटही त्यांची. असा दूरदृष्टीचा नेता पुन्हा होणे नाही.

"सूर्यफूल घेतलं तर?" थर्मनने चाचरत विचारलं. "मोठं असतं. लांबून दिसतं."

"सेनेटरसाहेब काय कोटाला परात लावून हिंडायचे?" डॉब्ज म्हणाले.

"मग गुलाब?"

"अहो हफ, तुम्हाला कार्नेशनचं वावडं का?"

थर्मन सांडलेली शाई टिपू लागला. सभेतले निम्मे सभासद गुसचे गिऱ्हाईक होते. तेही एकमेकांकडे चोरून बघत होते, पण विरोध करायचा तर कारण सांगावं लागणार. ठराव एकमताने पास झाला. फुलाच्या घोषणेच्या समारंभाला गावातल्या प्रत्येकाने, बायकांनीसुद्धा, तांबडं कार्नेशन लावायचं असंही ठरलं.

थर्मनचा जीव खरा टांगणीला लागला तो एड्नामुळे. एड्ना त्याची बायको आणि दारूबंदी महिला मंडळाची चिटणीस. "पुन्हा तोंडाला वास आला ना, तर मी चालले टोलीडोला आईकडे. आणि परत यायची नाही," असं तिने एकदा शांतपणे सांगितलं होतं. ती ओरडली असती तर थर्मनने मनावर घेतलं नसतं. शांतपणे बोललेलं ती करून दाखवायची. आणि तिच्याशिवाय एक दिवस काढायची त्याची ताकद नव्हती.

तो तडक गुसकडे गेला. गुस आनंदात शीळ घालत होता.

"अख्ख्या गावाची ऑर्डर आलीय, थर्मन!"

"अरे गाढवा, अख्खं गाव तांबडं फूल लावणार! त्या दिवशी तुझ्या आईने दार उघडलं म्हणजे?"

गुसची शीळ थांबली. म्हातारीला कमी ऐकू यायचं, दिसायचंही जेमतेम. तांबडं दिसलं की पेला द्यायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

"तिला सांग, एक दिवस बंद म्हणून."

"सांगून पाहिलं. ती म्हणाली, 'बरं, दोन-दोन देते.'"

शेवटी असं ठरलं, की समारंभ चालू असताना थर्मनने मागच्या खोलीत म्हातारीपाशी बसायचं आणि कुणालाही आत येऊ द्यायचं नाही. पोटात कळ आल्याचं सांगून तो समारंभातून सटकला. पण तो पोचायच्या आत म्हातारीने दार उघडलं होतं आणि जास्तीची फुलं मागायला आलेले पाद्रीबुवा आत खुर्चीवर बसून पेला रिकामा करत होते.

"हे काय आहे हो, हफ?"

"फुलझाडांचं औषध, फादर. चुकून दिलं तिने!"

"झाडं नशीबवान आहेत," पाद्रीबुवा म्हणाले आणि डुलत डुलत प्रार्थना सांगायला निघून गेले.

थर्मनने घाम पुसला, समारंभ संपेपर्यंत दार राखलं आणि मग ब्रँडीचं पिंप ताडपत्रीखाली झाकायला घेतलं. तो पाठमोरा असतानाच म्हातारी पुन्हा दारापाशी गेली. बाहेर सेनेटरसाहेबांच्या पत्नी, महिला मंडळाच्या अध्यक्षा टॉलिव्हरबाई काठी टेकत उभ्या होत्या. समारंभ आटोपून गुसच्या आईचे फुलांबद्दल आभार मानायला त्या आल्या होत्या. सोबत एड्ना. दोघींच्या छातीवर टपोरी तांबडी फुलं. म्हातारीने दोघींच्या हातात पेले दिले.

"थर्मन?" एड्ना म्हणाली. शांतपणे.

थर्मनला टोलीडोची गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली.

टॉलिव्हरबाईंनी पेला हुंगला. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि दुसरा घोट घेतला.

"अगं बाई! हे तर माझं टॉनिक!"

"टॉनिक?" थर्मनने विचारलं.

"गुडघ्यांचं! हे दर शनिवारी आणायचे. कोलंबस शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरचं म्हणायचे. हे गेल्यापासून त्या डॉक्टरचा कुठे पत्ताच लागेना आणि माझे गुडघे असे धरलेत!" बाईंचा आवाज कापरा झाला. "आणि मी यांच्याशी भांडायची हो. दर शनिवारी कुठे उलथता म्हणून. माझ्यासाठीच जायचा मेला!"

त्यांनी डोळे पुसले. मग एकदम थर्मनकडे रोखून पाहिलं. "खरं सांग. माझ्यासाठी एक बाटली न्यायचे. स्वतः किती घ्यायचे?"

थर्मनने मान खाली घातली. "दोन पेले, बाईसाहेब. तिसरा सभासदांनी फारच आग्रह केला तर."

बाई हसल्या, मनापासून. पेला संपवून त्या खुर्चीत टेकल्या आणि काठी बाजूला ठेवली.

"एड्ना, नवऱ्याला काही बोलू नकोस. तो इथे औषधाच्या कामाला आहे. आता दर शनिवारी माझी बाटली हाच आणून देईल."

एड्नाने थर्मनकडे पाहिलं. तिने हातातला पेला वर करून हुंगला, जरासा ओठांना लावला आणि मग थोडा जास्त लावला.

"तुझे गुडघे कसे आहेत गं?" टॉलिव्हरबाईंनी विचारलं.

"अजून तरी ठीक आहेत," एड्ना म्हणाली आणि रिकामा पेला म्हातारीपुढे धरला. "पण थंडी तोंडावर आलीय."